माझ्या बॅटरीवरची गल्ली

आमचे मालक वारले त्या वर्षी कोल्हापुरात लोडशेडिंग जोरात होतं. आमच्या गल्लीची लाईट नेमकी संध्याकाळी जायची. अंधाराची मला भीती नाही. पण मालक असताना ते अंधारातही बडबडत बसायचे, कागलच्या एमआयडीसीतल्या कामाच्या त्याच त्याच गोष्टी. मी म्हणायची, गप्प बसा आता. ते गेले आणि सगळंच गप्प झालं. लाईट असली की टीव्हीत कोणीतरी बोलत तरी असायचं. ती गेली की घरात माझ्याच पायांचा आवाज.

मुलगी निपाणीला दिलेली. ती फोनवर म्हणाली, "मेणबत्ती लाव की, आई." मेणबत्ती बोलत नाही. मी टीव्हीसाठी इन्व्हर्टर घ्यायचा ठरवला.

दुकानदाराने आधी विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

"बॅटरी माणसं मोजून मिळती व्हय?"

"तसं न्हाय. पंखं किती, ट्यूबा किती, त्यावर ठरतंय."

"एक टीव्ही. बास."

"आणि उजेड?"

"टीव्हीचा पडतोय की."

त्याने कॉम्प्युटरला लावतात तो लहान डबा दाखवला. म्हणाला, पाच-दहा मिनिटं चालतो. तेवढ्यात मालिकेतली सासू जिनासुद्धा उतरत नाही. मग त्याने दोन बॅटऱ्या पुढे केल्या. एक बंद, तिच्याकडे कधी बघावं लागत नाही. दुसरी मोठी, पुष्कळ वेळ चालणारी, पण तिच्यात दोन-तीन महिन्यांनी बॅटरीचं पाणी घालायचं.

"मोठी घ्या," तो म्हणाला. "पावणं आलं तर दोन पंखं बी चालतील."

"पावणं येत न्हाईत. पण मोठीच दे. पाणी घालायला मला वेळ हाय."

इन्व्हर्टर बसला. संध्याकाळी लाईट गेली, मी ऐटीत टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर. सकाळी केबलवाल्याला बोलावून झापलं.

"आजी, माझ्याकडं जनरेटर हाय," तो म्हणाला. "पण तुमच्या दारासमोरच्या खांबावर तो डबा दिसतोय न्हवं, बूस्टर? त्याच्यातनं चित्र गल्लीत पुढं जातंय. त्यो लायटीवर चालतोय. लाईट गेली की त्यो बी झोपला."

"मग जागा कर त्याला."

"तुमच्या इन्व्हर्टरची वायर देऊ काय?"

"दे."

त्या संध्याकाळपासून लाईट गेली तरी आमच्या घरात चित्र यायचं. शेजारणी लसूण सोलत, तांदूळ निवडत येऊन बसायला लागल्या. एक म्हणाली, "आजी, थेटर काढलंसा की!" मी म्हटलं, "मग तिकीट काढ, आणि पाय आत घे." मालिका कमी, भांडणंच जास्त चालायची. मला चालत होतं.

पण लोडशेडिंग काही हटेना. आधी कोपऱ्यावरच्या घरात इन्व्हर्टर आला, मग त्याच्या शेजारी, मग समोर. एकेक बाई यायची थांबली. कुणी भांडून गेली नाही. स्वतःच्या घरात टीव्ही चालतोय म्हटल्यावर माझ्याकडे कशाला येतील? मीही आले नसते. सगळ्यांचं चित्र मात्र माझ्याच बॅटरीवरून जात होतं. मी माझा टीव्ही बंद केला तरी भिंतीपलीकडून तीच सासू बोलताना ऐकू यायची. त्या सासूला माणसं होती. मी तांदूळ एकटीच निवडत होते.

मग उन्हाळ्यात मी आजारी पडले. आठवडाभर दार पुढं ओढलेलंच होतं. कोणी आलं नाही. बॅटरीत पाणी घालायचंही राहिलं. एका संध्याकाळी लाईट गेली आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टरने पी-पी केलं आणि बंद पडला. मी अजून उठून बसते आहे तोवर दार वाजलं.

"आजी! बॅटरी बरी हाय न्हवं?"

मागे आणखी दोघी. त्यांच्या मागे समोरचा म्हातारा काठी टेकत. "ऐन वक्ताला मुंग्या आल्या की," तो म्हणाला.

"बॅटरी तहानली," मी म्हटलं. "मी बी आठ दिवस पडून हाय."

मग एकीने गॅस पेटवला, चहा केला. लाईट येईपर्यंत सगळे अंधारात बसले. म्हाताऱ्याने त्याच्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या, त्याच त्याच. मी त्याला गप्प बसा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याने पाणी घातलं आणि बाटली देऊन गेला. म्हणाला, पातळी उतरायच्या आत घालत जा. बाटली कपाटावर आहे. घालायची घाई मी करत नाही.