मांडीखालचे हात

काल गल्लीतून एक जुनी स्कूटर फटफटत गेली आणि मला जयपूरचं, मानसरोवरमधलं आमचं घर आठवलं. ह्यांची रेल्वेतली बदली तिथे झाली होती. आमची मुक्ता तेव्हा सहा वर्षांची. तिला ऑटिझम आहे, ती बोलत नसे. पण संध्याकाळी बाबांच्या स्कूटरचा आवाज आला की दाराशी धावायची आणि दोन्ही हात खांद्यापाशी नेऊन फडफडवत राहायची.

ही सवय मोडायला घरी येणाऱ्या थेरपिस्ट मॅडम तिचे हात धरून खाली दाबून ठेवायच्या. मुक्ता खूप रडायची. हळूहळू ते रडणंही थांबलं.

एका संध्याकाळी स्कूटर वाजली, पण मुक्ता उठली नाही. दाराकडे बघत ती स्वतःचे हात मांडीखाली घालून बसून राहिली.

मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "देखिए भाभीजी, अब खुद ही रोक लेती है."

हे बुटांसकट तिच्यासमोर खाली बसले. "मुक्ता, मी आलो गं. हलव ना हात."

तिनं ते आणखी आत दाबले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मॅडमना येऊ नका म्हणून सांगितलं. हल्लीचे डॉक्टर म्हणतात, तो तिचा आनंद होता, थांबवायची गरजच नव्हती.

पुढे कितीतरी वर्षं हे घरी आल्यावर दारातच जरा वेळ थांबायचे. तिचे हात पुन्हा कधी उठले नाहीत.