आईचं ‘ज़्द्रास्त्वुय्त्ये’

कझानला जायचं आईनं ठरवलं, मी नाही. माझा धाकटा भाऊ निखिल तिथे डॉक्टरकी शिकतो. मागच्या हिवाळ्यात त्याला कावीळ झाली, तेव्हा वसतिगृहाच्या मॅट्रन गालिना पेत्रोव्ना यांनी त्याला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, उकडलेल्या भाज्या भरवल्या. आईला हे समजलं तेव्हा तो बरा झाला होता. यवतमाळहून तिनं मला फोन केला.

“मले तिकडं घेऊन चाल. त्या बाईले तिच्याच बोलीत रामराम घालीन. पोराच्या तोंडून नाही, माह्या तोंडून.”

मी हिंजवडीत नोकरी करते. बाबांना शेत सोडवेना, म्हणून आई एकटीच माझ्याकडे वाकडला आली. व्हिसा येईपर्यंत वेळ होता. टिळक रोडजवळ शनिवारी रशियनचा वर्ग भरतो असं कळलं आणि दोघींची नावं घातली.

रशियाला जाणार असाल तर एवढं तरी शिकून जा. नमस्काराचं ‘प्रिव्येत’ फक्त मित्रांना म्हणायचं. मोठ्यांना ‘ज़्द्रास्त्वुय्त्ये’. लिहिताना त्यात एक ‘व’ जास्त असतो, बोलताना तो गिळायचा. आई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तुकडे पाडायची: ज़्द्रा, स्त्वुय्, त्ये. तिसऱ्या शनिवारी तिला तो शब्द अडखळता का होईना, पण आला.

त्याच दिवशी सरांनी विचारलं, “दोब्रये ऊत्रा म्हणजे काय?”

आईनं उत्साहानं हात वर केला. “चांगली सकाय!”

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बाई, आधी मराठीतला ‘ळ’ येऊ द्या. मग रशियनकडे वळू.”

मी उभी राहिले. “सर, रशियनमध्ये ‘ळ’ आहे का?”

“नाही. पण जिभेला वळण लागतं.”

पुन्हा हशा. त्यात माझ्याच कंपनीतले दोघे होते, एक लातूरचा, स्वतः घरी मराठवाडी बोलणारा. त्यालाही हसू आलं याचा मला जास्त संताप आला. परतीच्या वाटेवर, बाणेरच्या गर्दीत बस खोळंबली असताना आई एवढंच म्हणाली, “तू शीक. मी नाही येत.” मीही परत गेले नाही. निखिल फोनवरून शिकवू लागला, पण आई ऐकायची आणि मान हलवायची. तोंड उघडायची नाही.

मेमध्ये निघालो. पुणे ते दिल्ली, दिल्ली ते मॉस्को विमान, पुढे कझानपर्यंत झोपायच्या डब्याची गाडी. डब्यात गरम पाणी फुकट मिळतं, चहापत्ती आणि मेतकूट जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर ‘ग्रेच्का’ मागा, कुट्टूच्या दाण्यांचा मोकळा भात असतो. आईनं त्यावर लोणचं घेऊन तो आवडीनं खाल्ला. डब्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी चादरी दिल्या तेव्हा तिनं हात जोडले, पण बोलली नाही. पुण्यातल्या सरांची ती दोन वाक्यं आम्ही व्होल्गापर्यंत वाहून नेली होती, आणि त्याचा मला राग येत होता.

वसतिगृहाच्या दारात गालिना पेत्रोव्ना उभ्या होत्या. ठेंगण्या, लोकरी शाल पांघरलेल्या. आई त्यांच्यासमोर थांबली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. डोळे भरले. मी तिच्या वतीनं बोलणार, एवढ्यात निखिलनं माझा हात दाबला.

गालिनाबाईंनी घसा साफ केला. एकेक अक्षर चाचपत, ‘र’ लांबवर घोळवत म्हणाल्या, “र्रामर्राम, आयी.”

निखिलकडून शिकून त्या आठवडाभर घोकत होत्या. शब्द बराच वाकडा आला होता. कोणी हसलं नाही. आईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्वच्छ म्हणाली, “ज़्द्रास्त्वुय्त्ये, गालिना पेत्रोव्ना. स्पसीबा.” नमस्कार आणि धन्यवाद रशियनमध्ये, मग पुढचं सगळं वऱ्हाडीत. लेकराची कावीय, तिची भीती, घरचं शेत, सगळं. त्या रशियनमध्ये उत्तरं देत होत्या. निखिल भाषांतर करायला गेला, तर दोघींनी त्याला चहा आणायला पाठवलं.

परतल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्या वर्गात गेले. घडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं.

“अहो, गंमत केली होती,” सर म्हणाले.

“तिला हसू आलं नव्हतं, सर.”

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि धडा पुढे सुरू केला. माफी मागितली नाही. मी तरी काय अपेक्षा धरली होती?

यवतमाळची उन्हं उतरेपर्यंत आई माझ्याकडेच आहे. रविवारी ती गालिनाबाईंना फोन लावते. निम्मं कळतं, निम्मं नाही, तरी स्वयंपाकघरातून तिचा मोकळा आवाज येत राहतो. काल संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या पुणेरी काकूंनी तिला विचारलं, “कसा झाला प्रवास?”

आई हसली, मान हलवली, आणि आमचा मजला येईपर्यंत गप्प उभी राहिली.