बाळाबाईंच्या मागे उरलेले दिवस

मंगळवारी बाळाबाईंना माती दिली आणि बुधवारी त्यांची थोरली लेक पद्मजा रोजच्यासारखी शाळेत गेली. तिसरीच्या वर्गाला तिनं जिल्ह्यातल्या नद्या शिकवल्या. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी घरी जायला सांगितलं, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की आज आपण यायला नको होतं. रडू काही आलं नव्हतं.

बाळाबाई गडमुडशिंगी गावच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि माहेर तुटलं. सत्तेचाळीस साली नवरा काविळीनं गेला. पदरात दोन मुली. बाळाबाई मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायला लागल्या आणि त्यावर त्यांनी पद्मजाला मास्तरीण होईपर्यंत शिकवलं. शनिवारची दुपार मात्र चर्चची. झाडलोट करायची, सतरंज्या उन्हात झटकायच्या, प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुवायचं. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणाकडं आजारपण निघालं, की पेजेचं भांडं घेऊन जायच्या, उशाशी बसायच्या आणि फारसं न बोलता परत यायच्या.

एक्कावन्न साली धाकटी श्यामला विषमज्वरानं गेली. अकरा वर्षांची होती. शुक्रवारी तिला पुरलं आणि शनिवारी बाळाबाई पदर खोचून चर्चला निघाल्या. पद्मजा दारात आडवी उभी राहिली.

"आई, तुला काहीच वाटत नाही का गं?"

बाळाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. "हात करत्यात," त्या म्हणाल्या. "मी कुठं करतोय?"

पद्मजा तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढं कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. बाळाबाईंनीही तिला समजावलं नाही.

यंदा सत्तावन्नच्या पावसाळ्यात घरोघरी तापाची साथ आली. बाळाबाई पेज घेऊन फिरत राहिल्या आणि शेवटी स्वतःच अंथरुणाला खिळल्या. पाचव्या दिवशी धाप लागली. चर्चच्या मेजावरचं कापड भिजत घातलंय, तेवढं काढ, असं त्यांनी पद्मजाला सांगितलं. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

शाळेतून आल्यावर पद्मजाला ते कापड आठवलं. बादलीत त्याला वास सुटला होता. तिनं ते दोनदा साबण लावून धुतलं, पिळलं, दोरीवर टाकलं. कधी टाकलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

दारात एक म्हातारा उभा होता. डोक्याला पटका, पायांत चिखल. ज्ञानूमामा. आईचा सख्खा भाऊ. पद्मजानं त्याला उभ्या जन्मात दोनदा पाहिला असेल. निरोप आज पोचला, म्हणाला. तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. काय झालं होतं ते त्यानं विचारलं, तिनं सांगितलं.

"लहानपणी लई बडबडी हुती," मामा म्हणाला. "आमची आय वैतागायची."

बडबडी आई पद्मजाला डोळ्यांपुढं आणता येईना.

"काय बोलायची?"

मामानं पुष्कळ आठवून पाहिलं. "आता काय ध्यानात न्हाय बाई."

तिनं जेवायचं विचारलं. तो थोडा घुटमळला. या घरात तो कधी पाणीसुद्धा प्यायला नव्हता. मग म्हणाला, "वाढ."

तिनं भाकरी आणि आमटी वाढली. तो खाली मान घालून जेवला, ती समोर बसून राहिली. ऊन उतरल्यावर तो चालतच गावाकडं निघाला.