तेलाच्या वाटीतली माती

हे माझ्या बायकोला कधीच कळलं नाही; ती गेली. मुलांना ठाऊक नाही, गॅरेजातल्या माणसांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय ते तुमच्यावर फार जीव आहे म्हणून नाही, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायला धैर्य लागतं. ते माझ्याजवळ तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

गोष्ट एका ट्रॅक्टरच्या बॉनेटची आहे. हसलात ना? हसा. एवढ्याशा पत्र्यापायी एखादा माणूस किती खाली जाऊ शकतो, ते बघायचं असेल तर माझ्याइतका चांगला नमुना तुम्हाला मिळायचा नाही.

दुसरं महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. श्रीगोंद्याच्या बाजूला एक बागाईतदार होते — रावसाहेब म्हणू, खरं नाव कशाला? त्यांनी मुंबईहून एक छोटा ट्रॅक्टर आणला. पेट्रोलवर सुरू करायचा, मग रॉकेलवर चालवायचा. मुंबईचा माणूस आला, सगळं दाखवून गेला, पण ते ज्याला दाखवलं तो ड्रायव्हर महिन्याभरात पळाला. त्याच्या जागी मी लागलो. माझं भांडवल काय? नगरच्या एका लॉरी गॅरेजात दोन वर्षं धुणं-पुसणं, आणि इंग्रजी तीन इयत्ता. रावसाहेबांनी ट्रॅक्टरबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक पुढे केलं आणि विचारलं, "वाचता येतं?" मी म्हणालो, "येतं." मुखपृष्ठावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. एवढ्यावर ते खूश! वासरात लंगडी गाय शहाणी — आणि ती वासरं किती मूर्ख होती ते विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून अख्खी वस्ती मला मिस्त्री म्हणायला लागली.

मिस्त्रीने पहिलं काम काय करावं? इंजिन उघडून बघावं. मी बघायला गेलो — आणि बॉनेट उघडेना.

लॉरीचं बॉनेट दोन्ही बाजूंनी पंखासारखं वर होतं. हे अख्खं एकसंध होतं. बाजूने ओढलं, पुढून उचकटलं, पान्याच्या टोकाने पत्र्याची कड वाकवली. तासभर घाम गाळला. पुस्तकात चित्र असेल म्हणून पानं उलटली. चित्रं होती, बाण होते, बाणांच्या टोकाला इंग्रजी होतं. कोणाला विचारायचं? रावसाहेबांना? म्हणजे काल ज्याने पुस्तक वाचून दाखवलं, त्यानेच आज म्हणायचं की मला झाकण उघडता येत नाही? छे. मी फडक्याने बॉनेट पुसलं, आणि संध्याकाळी रावसाहेबांना सांगितलं, "पुस्तकात लिहिलंय, वर्षभर इंजिन उघडायचं नाही. कंपनीनं आतून बसवून दिलंय." त्यांनी मान हलवली. इतकं सोपं होतं ते.

गाडी चालायची हो. पाणी वरच्या भोकातून, रॉकेल टाकीत, तेल बाजूने — उघडायचं काम पडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण आत हवेची गाळणी असते. तिच्या तळाला तेलाची वाटी. इंजिन जो श्वास घेतं त्यातली धूळ त्या तेलात बसते. ती वाटी दर आठ-पंधरा दिवसांनी धुवायची असते, आणि आमच्याकडच्या धुळीत तर रोज. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. लॉरीच्या गाळण्या मीच धूत होतो की. अज्ञानाचा आडोसा मी घेणार नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजायची, विळ्या-कोयत्यापासून नांगरापर्यंत. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. वहिनीसाहेब, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी, तेलात कालवलेला शेंदूर घेऊन स्वस्तिक काढायला आल्या. त्यांचा हात बॉनेटच्या मधोमध गेला होता. मी म्हणालो, "इथं नको, जरा मागं काढा." मागे म्हणजे कुठे, तर बॉनेट जिथे मागच्या पत्र्याला भिडतं, बरोबर त्या फटीवर. अर्धं स्वस्तिक इकडे, अर्धं तिकडे. आता कोणी उघडलं तर स्वस्तिक मोडणार. पुस्तक पुरत नव्हतं म्हणून मी देवाला कुलूप म्हणून वापरलं. आणि पुढे उभा राहून हातही जोडले.

आता बाबूभाई. विहिरीवर जे तेलाचं इंजिन पाणी उपसायचं, ते तो सांभाळायचा. जातीने मुसलमान, अंगठेबहाद्दर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. तो मला 'तुमी' म्हणायचा. त्याच्याजवळ बाभळीचा एक गुळगुळीत दांडका होता. त्याचं एक टोक इंजिनवर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा, आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. मी त्याची नक्कल करून लोकांना हसवायचो. वैद्यबुवा म्हणायचो. माघात एकदा त्याने माझ्या ट्रॅक्टरला दांडका लावला आणि म्हणाला, "मिस्त्री, हिचा दम कोंडतोय." मी सांगितलं, तू तुझी विहीर बघ.

वैशाखात ट्रॅक्टर भर दुपारी रानात धापा टाकायला लागला. काळा धूर, जोर नाही, शेवटी बंद. हँडल मारून मारून माझे हात सोलले. जवळपास कोणी नव्हतं. विहिरीवरून बाबूभाई चालत आला. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, स्टिअरिंगच्या खाली हात घातला, बोटांनी चाचपलं. एका मिनिटात म्हणाला, "हितं खटका हाय, मिस्त्री. दिसत न्हाई, बोटाला लागतो."

आठ महिने! आणि याने एका मिनिटात.

पण त्याने लगेच उघडलं नाही. स्वस्तिकाकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्ये मोडंल. मी खटका दाबतो, वर तुमी उचला. माजा हात नगं." मग मी उचललं. बॉनेट मागून सुटलं आणि पुढे, नाकावर कललं. ऐकताय ना? ते स्वस्तिक माझ्या हातांनी मोडलं. हे पुढे लक्षात ठेवा.

वाटीत तेल नव्हतंच, चिखलाचा गोळा होता. त्याने तो खरवडून काढला, वाटी रॉकेलने दोनदा धुतली, आपल्या डब्यातलं ताजं तेल ओतलं, जागेवर बसवली. एकदाही विचारलं नाही की तुम्ही इतके दिवस काय करत होता. जाताना एवढंच म्हणाला, "मी कुनाला बोलायचो न्हाई." मला त्याचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. खरं सांगू? मला त्याचा राग आला. असा राग, की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

ट्रॅक्टर तीन आठवडे बरा चालला. मग पेरणीच्या तोंडावर आतून ठोके यायला लागले, आणि एका सकाळी इंजिन जाम झालं. होणारच होतं. आठ महिने धूळ खाऊन रिंगा झिजल्या होत्या. आता वाटी धुऊन काय उपयोग? निरोप गेला. रावसाहेब येतायत म्हणून कळलं. मी ट्रॅक्टरजवळ एकटा होतो.

इथवर सांगायला फार वळसे घेतले, मला कळतंय. आता सांगतो.

मी स्टिअरिंगखाली हात घातला, त्याने दाखवलेला खटका दाबला, बॉनेट उचललं, वाटी काढली. आत स्वच्छ तेल होतं. त्यात बोट बुडवलं तर बोट दिसत होतं. बाबूभाईच्या बाजूने साक्ष द्यायला एवढं पुरेसं होतं. मी खाली वाकलो, नांगरटीतली मूठभर माती उचलली आणि त्या तेलात टाकली. वाटी बसवली, बॉनेट लावलं, हात धोतराला पुसले.

ते अठ्ठेचाळीस साल कसं होतं, आठवतं तुम्हाला? इथून पूर्वेला निजामाची हद्द. तिकडून रोज नवी अफवा यायची, आणि वस्तीवरचे शूरवीर पारावर बसून ती मोठी करायचे. कालपर्यंत ज्याच्या हातचं पाणी पाटाने घेत होते, त्याच बाबूभाईकडे तिरकं बघायला लागले होते. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर जमलं.

रावसाहेब आले, मागून सगळी वस्ती. मी फक्त एक वाक्य बोललो: "बाबूभाईनं उघडलं होतं." बाकीचं मला बोलावं लागलं नाही. मोडलेलं स्वस्तिक त्यांनी स्वतःच बघितलं. बॉनेट मी उघडलं, वाटी काढून दाखवली, माती बघून लोकांत गलका झाला. कोणी म्हणालं हा हद्दीपलीकडचा, वहिनीसाहेबांनी पदराने डोळे पुसले. मी तिथे उभा होतो, आणि माझा चेहरा दुखावलेल्या सज्जनाचा होता.

बाबूभाईला बोलावलं. त्याने वाटीत बोट घातलं, माती चिमटीत घेतली. इंजिनने ओढलेली धूळ पिठासारखी असते, ती तळाला बसते. या मातीत खडे होते. आणि हरळीची मुळी होती, बोटाच्या पेराएवढी. ती गाळणीतून येणं शक्य नाही हे त्या गर्दीत दोघांनाच कळत होतं. त्याने ती मुळी बोटावर घेतली, पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. एवढा निर्लज्ज होतो.

तो रावसाहेबांना म्हणाला, "सायेब, खटका मी दाबला. वाटी मी धुतली. माती म्या घातली न्हाई." बस. मिस्त्रीला उघडता येत नव्हतं, हे नाही. स्वस्तिक कोणाच्या हाताने मोडलं, हे नाही. कुणाला बोलायचो न्हाई म्हणाला होता ना, तो शब्द त्याने तिथेही पाळला. का? बोलला असता तरी त्या वर्षी त्याचं कोणी ऐकलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं म्हणून? की शब्द दिला म्हणून? मला माहीत नाही. मी विचारायला कधी गेलो नाही.

दिवस मावळायच्या आत त्याला वस्ती सोडायला लावली. विहिरीजवळची खोली, पंचवीस वर्षांचं काम, सगळं. डोक्यावर पेटी, मागे बायको, तिच्या हातात शेळीची दोरी. पोरांनी मागून ढेकळं मारली. एक ढेकूळ त्याच्या पाठीवर फुटलं तेव्हा मी बघत होतो. पोरांना रागावणं माझ्या जिभेवर आलं होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आलं नव्हतं. मला बरं वाटत होतं. ते कर्जतकडे गेले म्हणतात. पुढे काय झालं ते मी शोधलं नाही.

त्याचा बाभळीचा दांडका विहिरीवरच राहिला होता. तो मी उचलला. त्याच दांडक्यावर मी इंजिन ऐकायला शिकलो, पुढे श्रीगोंद्यात गॅरेज काढलं, नाव झालं. लांबून लोक ट्रॅक्टर घेऊन येतात. मी दांडका लावतो, कान देतो, दोष सांगतो, मग स्टिअरिंगखाली हात घालून न बघता खटका दाबतो. लोक वाहवा करतात.

परवाच एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मिस्त्री, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे."