पाठकसाहेबांची नम्र भाषा

पाठकसाहेब गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला तेव्हा मी मेथी निवडत होते. "अरेरे" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. दोन महिने प्रयत्न करून पाहिला... जमत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. राहुरीत एका बियाणे कंपनीच्या कचेरीत मी टायपिस्ट होते, तीन वर्षं हंगामीच, आणि कायम होण्याकडे डोळे लावून बसलेली. पाठकसाहेब व्यवस्थापक. अख्ख्या कचेरीला एक कॉम्प्युटर आणि ईमेलचा एकच पत्ता. जाणाऱ्या मेलचा मसुदा आधी कागदावर टाईप व्हायचा, साहेब लाल शाईने दुरुस्त करून खाली तारीख टाकायचे, मग दुपारी चारला फोनची लाईन जोडून सगळ्या मेल एकदम पुण्याच्या मुख्य कचेरीला जायच्या. कागद फायलीला लागायचे. साहेबांची भाषा म्हणजे लोणी. "शैलाबाई, नकार द्यायचा तर आधी आभार मानावेत. आणि राग आला असेल तर मेल उद्या पाठवावी." हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी आमचं कांद्याचं बी उगवेना. भागाजी नावाचे शेतकरी काउंटरला येऊन उभे राहिले. "बाई, पंधरा दिस झाले, वाफ्यात हिरवं म्हून काय न्हाई. माझं गेलं ते गेलं, दुसऱ्या कुनाला तरी हे बी दिऊ नका." मी त्याच दिवशी मसुदा केला: या लॉटची विक्री ताबडतोब थांबवावी. साहेबांनी 'ताबडतोब' खोडून 'शक्य झाल्यास' केलं. दुसऱ्या दिवशी 'तक्रार' खोडून 'निरीक्षण' केलं. तिसऱ्या दिवशी नुसती तारीख टाकून म्हणाले, "अजून तिखट लागतंय. राहू द्या तूर्त." मेल गेलीच नाही. बी विकलं जात राहिलं आणि मीही गप्प बसले.

महिन्याभराने पुण्याने जाब विचारला. साहेबांनी उत्तर तोंडी सांगितलं, मी टाईप केलं. 'सौ. शैलाबाई अत्यंत कष्टाळू आहेत. तथापि शेतकऱ्याची तक्रार त्यांच्याकडून नजरचुकीने कळवायची राहिली. त्यांना कायम करण्याबाबत कृपया फेरविचार व्हावा.' माझीच बोटं, माझाच गळा! साहेब खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "ते 'अत्यंत' असू द्या हं. बरं दिसतं."

असू दिलं. चारला लाईन जोडली, त्यांची मेल जशीच्या तशी पाठवली आणि तिच्यामागून माझी. 'साहेबांच्या मार्गदर्शनाबद्दल मी ऋणी आहे. माहितीसाठी तिन्ही मसुदे त्यांच्या दुरुस्त्या व तारखांसह खाली देत आहे. मूळ कागद फायलीत सुरक्षित आहेत.' कागदावरची प्रत साहेबांच्या टेबलावर. अख्ख्या मजकुरात एक तिखट शब्द शोधून दाखवा.

पंधरवड्यात पुण्याचा अधिकारी येऊन फाईल घेऊन गेला. मी कायम झाले, साहेबांची बदली दूर खर्डा गावच्या गोदामावर. निघताना ते म्हणाले, "शैलाबाई, मेल उत्तम लिहिली होतीत." बस्स, तेवढंच. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. भागाजींचा हंगाम मात्र गेला तो गेलाच.

पुढे दर दिवाळीला साहेबांची शुभेच्छांची मेल यायची. 'आपण सहकुटुंब कुशल असालच.' उत्तर मी एकदाही दिलं नाही, पण प्रत्येक मेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. चूक माझी होती, एवढे तीन शब्द कुठे सापडतात का ते बघायला. गेल्या दिवाळीतही नव्हते.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा शांतपणे गेले." जाणारच. मी इथे धुमसत बसले आहे. साहेब, तुम्ही इतक्यात जायला नको होतं. मला तुमची माफी हवी होती, आणि ती मागितली असतीत तर मी दिली नसती.