जीपपुरती वाट

आमच्या जीपला डाव्या बाजूचं दार नाही. उजव्या बाजूचं आहे, पण ते काथ्यानं बांधून टाकलेलं. त्यामुळे चालवणारीनं डावीकडून चढायचं आणि गिअरचा दांडा ओलांडून आपल्या जागेवर जाऊन बसायचं. या वयात मी हा उद्योग करताना कशी दिसते ते नातीनं मला मोबाइलवर दाखवलं. म्हशीला होडीत चढवतात तशी. "आजी, हे टाकू का सगळ्यांना बघायला?" म्हणाली. म्हटलं, टाक. तरुणपणी मी याच जीपमध्ये कशी दिसायचे ते कोणी काढून ठेवलं नाही हे माझं नशीब. तो प्रकार याहून हास्यास्पद होता.

आम्ही पावसच्या बाजूला राहतो. घर खाली वस्तीत, आणि हापूसची कलमं वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावर, कातळ फोडून माती भरून लावलेली. मधली चढण आहे ती आमच्या यांच्या चुलतभावाच्या जमिनीतून. बैलगाडीही जिथं कुरकुरेल अशी ती वाट. म्हणून यांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात ही जीप घेतली. तेव्हाच ती जुनी होती. हे शाळामास्तर. दुसऱ्याकडून चालवत घरी आणली, स्वतः एकदाच स्टिअरिंग धरलं आणि सरळ कुंपणाच्या गडग्यात घातली. चिऱ्यांचा ढीग उपसून झाल्यावर मला म्हणाले, "तूच शीक. तुला भीती कमी आहे."

भीती कमी नव्हती, अक्कल कमी होती. मी तिशीतली, आणि सड्यावरच्या सपाट कातळावर गाडी शिकून आठवडा झाला नाही तो रत्नागिरीच्या बाजारातून काळा गॉगल आणलेला. पदर खोचलेला, गॉगल लावलेला, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. मला वाटायचं सगळा बाजार आपल्याकडे बघतोय. बघत होता, पण मागच्या धुराकडे. सासूबाई ओटीवर बसून म्हणायच्या, "गाडी चालवत्येस ती चालव, हॉर्न कशाला गो मारत्येस? गुरं धुरानंच बाजूला होतायत." मला वाटायचं, म्हातारी जळते. आज मी त्याच ओटीवर बसते आणि मला ते वाक्य आपलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

घरातल्या सगळ्यांना मी हवी असायचे. अडलेल्या बाईला सिव्हिलला न्यायचं, मी. संगमेश्वरला नणंदेकडचं लग्न, मी. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले की गणपतीपुळ्याला, मीच. ते पाण्यात डुंबायचे आणि मी जीपखाली पालथी पडून रेडिएटरचा पाइप सुतळीनं आवळायचे. डोक्याला ग्रीस, कानात वाळू, आणि मनात काय, तर आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही! हलत नव्हतंच. फुकटचा ड्रायव्हर आणि फुकटचा मेस्त्री एकाच साडीत मिळाल्यावर कोण पान हलवायला जाईल?

या गाडीनं मला काय काय शिकवलं ते सांगत नाही, कारण ते दुसरीकडे कुठंच उपयोगी पडत नाही. डिझेलची टाकी पाझरायला लागली की कपड्याचा साबण चोळून भोक बुजवायचं. ब्रेक एकदा दाबून लागत नाही, दोनतीनदा मनधरणी करायची. खाऱ्या वाऱ्यानं पायाखालचा पत्रा खाल्लाय, तेव्हा चपला काढून ठेवायच्या नाहीत, रस्त्यावर जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टार्टर मेलेला. कधीपासून, ते आठवत नाही. गाडी नेहमी उतारावर लावायची, म्हणजे सोडली की सुरू होते. सपाटीवर बंद पडली तर चार गडी शोधत फिरायचं. म्हणून सपाटीवर मी इंजिन बंद करायचेच नाही. हे लक्षात ठेवा, माझं सगळं मातेरं यातूनच झालं.

आता वाटेचं. सड्यावर जायच्या त्या वाटेचा कागद नाही. वहिवाट आहे. सासऱ्यांनी एक शिरस्ता घालून दिला होता: दसऱ्याला गाडीची पूजा झाली की तिनं पहिली फेरी सड्यावर मारायची, काम असो नसो. "वाट चालती ठेवायची," म्हणायचे. "चाक फिरलं नाही की गवत वाढतं, आणि गवत वाढलं की भाऊबंद गडगा घालतो." चढणीच्या तोंडाशी सपाटीवर चुलत दिरांचं बांबूचं बेडं होतं. गुरं आत येऊ नयेत म्हणून आडवे टाकलेले दोन बांबू, एवढंच. दसऱ्याला भावोजी तिथं उभे असायचे, चाकापुढे नारळ फोडायचे आणि बांबू उचलायचे. मी गॉगलमधून हसायचे. मला वाटायचं माझ्या ड्रायव्हिंगचा सत्कार चाललाय.

पण आंब्याची पेटी ही सासऱ्यांच्या शिरस्त्यातली नव्हे. ती माझी भर. पहिला आंबा उतरला की पहिली पेटी भावोजींना. मोठ्या घरची सून, हात सैल हवा. सासूबाई म्हणाल्या होत्या, "द्यायची तर दे, पण त्यांच्या घरी जाऊन दे. बेड्यावर देऊ नको." मी मनात म्हटलं, किती हा कंजूषपणा, पेटी कुठं द्यावी यातही काटकसर! आणि दिली बेड्यावरच. कारण घरी जायचं तर इंजिन बंद करायला हवं, आणि तिथं सपाटी. भावोजी बांबू उचलायचे, मी गाडी धडधडत ठेवून पेटी त्यांच्या हातात द्यायचे, आणि धूर सोडत वर. दर वर्षी. हे गेले, भावोजी म्हातारे झाले, तरी त्यात खंड नाही.

भावोजी गेल्यावर त्यांचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून आला. त्याला चढणीवर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, समुद्र दिसतो ना तिथून. पोरगा गोड बोलणारा. "काकू, खोल्यांच्या अंगणातून जीप जायची म्हणजे पाहुण्यांना त्रास. आपण चार माणसांसमोर बसून बोलू." बसलो त्याच्या पडवीत. गावातले दोन वयस्क, त्यानं आणलेला एक वकील, आणि माझा मुलगा ठाण्याहून फोनवर, स्पीकर लावून. मी पोफळीसारखी ताठ बसलेले. वाट आमची, चाकोऱ्या कातळात कोरल्या गेल्यात, आणखी काय पुरावा हवा?

पुतण्यानं चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, तुम्ही बाबांना दर वर्षी पेटी द्यायचात ना?"

"द्यायचे म्हणजे काय! पहिली पेटी तुमची. देवाच्याही आधी तुमची."

"घरी आणून?"

"छे रे, माझी गाडी बंद करून कुठं चालायला! बेड्यावरच. बाबा बांबू उचलायचे, मी पेटी द्यायची, की चालले वर."

वकील इतका वेळ बिस्किट बुडवत होता. तो म्हणाला, "म्हणजे पेटी दिली की बांबू उघडायचा."

"हो तर."

"आणि समजा पेटी दिली नसतीत तर?"

"तसं कधी झालंच नाही!" मी मांडीवर थाप मारून म्हटलं. "हे गेले त्या सालीसुद्धा चुकवली नाही मी. विचारा कोणालाही. गावानं बघितलंय."

दोघा वयस्कांपैकी एकानं पंचा काढून तोंड पुसलं. घाम नव्हता. फोनमधून मुलाचा आवाज आला, "आई, तू आता काही बोलू नकोस." जन्मात पहिल्यांदा त्यानं मला योग्य सल्ला दिला, तोही बस सुटल्यावर.

वकील फार सभ्यपणे बोलला. कोणी दर वर्षी काहीतरी देऊन आणि फाटक उघडून घेऊन जात असेल, तर ते परवानगीनं जाणं झालं. हक्कानं जाणारा कशाला काय देईल? परवानगी बापानं दिली, मुलगा काढून घेतोय. म्हणजे जे मी मानाचं म्हणून मिरवत होते तो जकात नाका होता, आणि नाकेवाला बिचारा नारळही स्वतःच्या खर्चानं फोडत होता. सासूबाईंना हे कुठल्या वकिलानं सांगितलं होतं कोण जाणे.

"वाट बंद नाही करत हां, काकू," पुतण्या पाया पडत म्हणाला. "पायवाट ठेवतो की. जीपपुरती तेवढी बंद. तुमचा आशीर्वाद असू दे."

"आशीर्वाद बेड्यावर देऊ की घरी येऊन?" मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, कोर्टात जायचं तर नातीच्या नातवाला निकाल कळेल. मी म्हटलं, अजून काही बांधलेलं नाही, तोवर मी जाणार. आणि त्या हंगामभर गेलेही. आंबा संपता संपता वरच, बागेत, जीपचा मागचा एक्सल तुटला. मेस्त्री म्हणाला, या गाडीचा माल आता दुकानात नाही, भंगारात शोधावा लागेल. तेवढ्यात पाऊस लागला. जीप कलमांखाली ताडपत्री घालून ठेवली आणि मी मोतीबिंदू काढायला मुलाकडे गेले. मुलगा म्हणाला राहा, सून म्हणाली राहा, गणपती तिकडेच झाले.

परत आले ती नवे डोळे घेऊन. स्वच्छ दिसत होतं सगळं. बेड्याच्या जागी चिऱ्याचे दोन खांब, सिमेंट करून पक्के, आणि मध्ये हिरव्या रंगाचं लहानसं लोखंडी फाटक. डोक्यावर पाटी घेतलेली बाई जाईल एवढं. दोन्हीकडे गडगा. आणि आमची जीप पलीकडे, सड्यावर.

"काकू, जीप वर राहिलीय हे खरंच लक्षात नाही आलं माझ्या," पुतण्या म्हणाला.

"होय रे, एवढीशी ती. खिशात राहिली असेल असं वाटलं असेल तुला."

तो ओशाळला नाही. उलट उदार झाला. "तुम्ही एक्सल बसवून घ्या. मी एक दिवस एक खांब पाडून देतो. बाहेर काढा आरामात. परत बांधायचा खर्च माझा." सगळ्या गावाला हे फार आवडलं. मुलानं फोन करून सांगितलं, चांगलं बोलतोय तो, घे काढून. नाहीतरी गाडीची फिटनेस संपलीय, रस्त्यावर धरतील. भंगारवाला दारात येऊन घेऊन जाईल. बाग एखाद्या व्यापाऱ्याला देऊन टाक, तो बघेल काय ते.

मी दोन दिवस ओटीवर बसून सुपाऱ्या कातरल्या. गावाला वाटलं म्हातारी समजली. तिसऱ्या दिवशी पुतण्या अंगणात आला. "मग काकू, कधी पाडू खांब?"

"कायमचा पाडणार आहेस?"

"काढण्यापुरता म्हणालो ना."

"मग नको. आत जायला तुझी परवानगी, बाहेर यायलाही तुझीच? आत राहील ती."

"आत काय करणार ती?"

"काम करील. तुझ्याच्यानं होत असेल तर अजून एक गडगा घाल तिच्याभोवती."

मेस्त्री एक्सल खांद्यावर घेऊन त्या हिरव्या फाटकातून चढून आला, वाटेत माझ्या सासरच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत. गाडी सुरू झाली. तेव्हापासून ती वरच असते. बागेच्या खालच्या अंगाला विहीर आहे, तिथून फवारणीचं पाणी कलमांपर्यंत नेते, आणि पेट्या भरल्या की सड्याच्या कडेपर्यंत आणते. तिथून पुढे बायका डोक्यावरून खाली टेंपोपर्यंत नेतात आणि मला शिव्या देतात. त्यांचं चुकत नाही. ज्या कामातून सुटका व्हावी म्हणून जीप घेतली तेच काम मी पुन्हा त्यांच्या मानेवर ठेवलंय, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे फक्त माझा हट्ट आहे. डिझेलचा कॅन चढवायलाही माणूस लागतो. मी स्वतः चढते ती बसत बसत, आणि वर पोचल्यावर पहिला अर्धा तास जीपमध्ये बसून नुसती धापा टाकते. पुतण्याचे पाहुणे सड्यावर येऊन तिचे फोटो काढतात. एका मुलीनं विचारलं, "आजी, ही शोसाठी ठेवलीय?" म्हटलं, हो, आणि मी त्यातला पुतळा.

यंदा वरच्या अंगाची कलमं फवारायची राहिली. माणसं मिळाली नाहीत, आणि मिळाली ती चढण बघून परत गेली. मोहोर काळा पडून गळला. मुलगा दोन दिवस येऊन बघून गेला. चाकाला लाथ मारून म्हणाला, "आई, तुझ्यामागं ही इथंच गंजणार. तेव्हा मला बाहेर काढायलाही कोणी देणार नाही."

"नको काढू."

"मग उपयोग काय या सगळ्याचा?"

विचारता विचारताच तो फोनवर परतीची गाडी बुक करत होता. मी गिअरचा दांडा ओलांडून पलीकडे बसले, उतारावर ब्रेक सोडला आणि पाणी आणायला विहिरीवर गेले. खालच्या ओळीतली कलमं अजून मोहोर धरून होती.