शेवंताक्कांनी पाहिलेलं काळीज

थोरल्या दिरांचा, दादांचा, फोन आला तेव्हा मी खालापूरला कचेरीत होते. ते म्हणाले, "शेवंता ओटीवर तांदूळ निवडत होती... तशीच भिंतीला टेकली. झोप लागली आसंल म्हणून मी हाक नाय मारली गं."

शेवंताक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पोशीरच्या घरात मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला भाताची आवणी येत नव्हती, की चूल नीट पेटवता येत नव्हती. अक्कांनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही. गुडघाभर चिखलात माझ्या शेजारी उभं राहून, माझा हात धरून त्यांनी मला रोप लावायला शिकवलं. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, हृदयाचं दुखणं होतं, कधीतरी हे होणारच होतं. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या जगल्या हेच केवढं नवल!

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर त्यांच्या छातीत कळ आली. पित्त समजून त्यांनी ओवा चावला आणि दोन दिवस अंगावर काढलं. शेवटी पनवेलला नेलं, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली आणि घरी सोडताना मी त्यांना खोपोलीच्या शिळफाट्याला माझ्याकडेच आणलं. दोनेक आठवड्यांनी खोपोलीतल्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी होती. अंधारलेल्या खोलीत अक्का कुशीवर झोपलेल्या. डॉक्टर छातीवरून यंत्र फिरवता फिरवता थांबले आणि पडद्याकडे बोट करत म्हणाले, "झटक्यानं हृदयाच्या भिंतीचा हा भाग दुबळा झालाय, हलत नाही. तिथं रक्त साचून गाठ झालीय. ती सुटून मेंदूत गेली, तर लकवा होऊ शकतो." अक्का पडद्याकडे टक लावून बघत होत्या.

"डाक्तर, ह्ये आत्ता चाललंय? आत्ता, ह्या घडीला?"

"हो, आत्ता."

"मी झोपते तवा?"

"तेव्हाही."

अक्कांनी पडल्या पडल्या हात जोडले. "मी कवा बसून तरी दम खाते... ह्ये तेवढंबी नाय खात गं."

रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पुन्हा पुन्हा तपासायचं आणि त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त करायची. पालेभाजी खायची, पण एक दिवस टोपलीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं करायचं नाही. गुडघेदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. अक्कांनी सगळं पाळलं. पाळलं नाही ते एकच, शेतकामाला हात न लावणं. भातकापणीला त्या हट्टानं पोशीरला गेल्या आणि बांधावर नुसतं बसायचं सोडून त्यांनी विळा उचलला. अंगठा कापला. एरवी अशा जखमेवर त्या चिंधी गुंडाळून पुढची मूठ कापायच्या. त्या दिवशी रक्त थांबेचना. दादा घट्ट दाबून धरत होते आणि फडकी भिजत होती. टेंपोतून नेरळला नेलं, टाके पडले, तेव्हा कुठे थांबलं. घरी आल्यावर दादांचा तोल सुटला. "सोड ती गोळी! रक्ताचं पाणी केलंय तिनं!" जमलेल्या बायकाही तेच म्हणू लागल्या.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमी ती गाठ बघितली नाय. मी बघितलीय. वाऱ्यावर लोंबी हलते ना, तशी हलत व्हती. गोळी सोडली नि ती सुटली, तर मला भरवायला कोण बसंल? डाक्तर सांगंल तवाच सोडीन."

दादा उठून अंगणात गेले.

डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी थोडी कमी केली, पण बंद केली नाही. थंडी पडली तेव्हा आम्ही पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत होतो. यंत्र फिरलं, परत फिरलं... "गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "गेली."

"गोळीनं खाल्ली?"

"गोळीनं ती वाढू दिली नाही. विरघळवली तुमच्याच शरीरानं."

"म्हंजे मीच?"

"हो, तुम्हीच."

रिक्षात बसल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "आन् मला पत्ताबी नाय."

पुढे ती गोळी बंद झाली. हृदय दुबळं ते दुबळंच राहिलं, बाकीची औषधं चालू राहिली. तरी त्यानंतर दोन कापण्या त्यांनी बांधावर बसून, विळ्याला हात न लावता पाहिल्या.

दिवसकार्य झाल्यावर दादा मला म्हणाले, "मलाबी ते मशीन दाखव. दुखत काय नाय. नुसतं बघायचंय." मी त्यांना खोपोलीला नेलं. डॉक्टरांनी दिवा मालवला. पडद्यावर दादांचं काळीज उघडत होतं, मिटत होतं. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"तिच्यातबी आसंच चालायचं?"

"हो."

"येवढी वरसं शेजारी झोपलो," दादा म्हणाले, "...कवा आवाज नाय आला."